आपत्तीच्या ठिकाणी जाण्यापूर्वी मानसिक आरोग्य तज्ज्ञाने काय शिकलेले असावे?

सांजवात (धागाकर्ती)

मोठा भूकंप, पूर, आग किंवा रेल्वे अपघात झाला, की दोन-तीन दिवसांतच मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील कितीतरी जण आपण होऊन मदतीला निघतात. त्यांच्या तळमळीबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी स्वतः चिकित्सा मानसशास्त्रात काम करते आणि अशा पथकांना प्रशिक्षण देणाऱ्यांमध्येही असते. या धाग्यात मला एकच मुद्दा नीट मांडायचा आहे: दवाखान्यात वर्षानुवर्षे उत्तम काम केलेल्या तज्ज्ञालाही आपत्तीच्या कामाचे वेगळे प्रशिक्षण लागते, आणि ते आपत्ती येण्याआधी झालेले असावे लागते.

दवाखान्यात येणारा माणूस मदत हवी म्हणून येतो. त्याची वेळ ठरलेली असते, दार बंद असते, बोललेले बाहेर जाणार नाही याची त्याला खात्री असते, आणि ज्या घटनेने तो हादरला ती बहुतेक वेळा मागे पडलेली असते. आपत्तीच्या ठिकाणी यातले काहीच नसते. समोरच्या माणसाने आपल्याला बोलावलेले नसते. धोका टळलेला नसतो, मुलगा कुठे आहे हे कळलेले नसते, रात्री कुठे झोपायचे हे ठरलेले नसते. अशा माणसाला शेजारी बसवून "नेमके काय झाले, तेव्हा मनात काय आले" असे विचारण्याची आपल्याला इतकी सवय झालेली असते, की तो प्रश्न आपल्याही नकळत तोंडातून निघून जातो. तो प्रश्न योग्य वेळेपर्यंत थांबवून धरता येणे, हा मला प्रशिक्षणाचा पहिला आणि सर्वांत मोठा उपयोग वाटतो.

यामागे आपल्या व्यवसायाचा एक महागात पडलेला अनुभव आहे. १९८३ मध्ये जेफ्री मिचेल यांनी अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवांतील कर्मचाऱ्यांसाठी 'क्रिटिकल इन्सिडंट स्ट्रेस डीब्रीफिंग' ही पद्धत मांडली. भीषण प्रसंग हाताळून आलेल्या पथकाने लवकरच एकत्र बसून, ठरावीक टप्प्यांनी, काय घडले आणि काय वाटले हे बोलून काढावे, असा तिचा गाभा होता. पुढे ती मूळ चौकटीबाहेर पडली आणि अपघातग्रस्तांना, भाजलेल्या रुग्णांना, गुन्ह्याची झळ लागलेल्यांना, एकेकट्याने आणि एकाच बैठकीत दिली जाऊ लागली. १९९७ मध्ये जोनाथन बिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या १३३ रुग्णांवरील नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेरा महिन्यांनंतर आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, डीब्रीफिंग मिळालेल्यांपैकी २६ टक्के जणांत आणि न मिळालेल्यांपैकी ९ टक्के जणांत आढळला. त्यानंतर वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्याने, एका बैठकीच्या डीब्रीफिंगने पीटीएसडी टळतो याला पुरावा नाही आणि आघातग्रस्तांवर ते सक्तीने लादणे थांबवावे, असे स्पष्ट म्हटले. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वेही ते देऊ नये असेच सांगतात. हे सगळे प्रसिद्ध होऊन इतकी वर्षे लोटली, तरी "सगळ्यांना मोकळे करून घेतले पाहिजे" हा आग्रह अजून ऐकू येतो, याचे मला फार वाईट वाटते. कारण तो आग्रह धरणारी माणसे बहुधा चांगल्या हेतूचीच असतात, त्यांना एवढा इतिहास कोणी सांगितलेला नसतो.

मग पहिल्या दिवसांत करायचे काय? २००७ मध्ये स्टीव्हन हॉबफॉल आणि अनेक देशांतील तज्ज्ञांनी उपलब्ध संशोधनावरून पाच सूत्रे मांडली: सुरक्षितता वाटणे, शरीर-मन शांत होणे, आपण आणि आपला समाज काही करू शकतो असा विश्वास, आपल्या माणसांशी जोडलेले राहणे, आणि आशा. जागतिक आरोग्य संघटनेने दोन सहकारी संस्थांसह २०११ मध्ये काढलेली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका याच विचारावर उभी असून, पाहा, ऐका, जोडून द्या, या तीन क्रिया ती शिकवते. ऐकायचे ते समोरचा सांगेल तेवढेच. त्याला सांगायचे नसेल तर शेजारी बसून राहायचे, बेपत्ता नातेवाइकाची नोंद कुठे होते ते शोधून द्यायचे, खरी माहिती द्यायची आणि जी माहिती नाही ती नाही असे सांगायचे. तज्ज्ञाला हे फार साधे वाटते आणि इथेच त्याची अडचण होते. इतकी वर्षे शिकलेले काहीच वापरत नाही आहोत, असे वाटून तो पुन्हा मुलाखतीकडे वळतो.

वेळेचे भान हा दुसरा मोठा भाग आहे. झोप न लागणे, दचकणे, तेच दृश्य डोळ्यांसमोर येणे, एकाएकी रडू येणे किंवा काहीच न वाटणे, हे पहिल्या आठवड्यांत बहुसंख्य लोकांना होते आणि बहुसंख्यांचे ते हळूहळू ओसरते. डीएसएम-५ या अमेरिकी निदानपुस्तिकेप्रमाणे तीव्र तणाव विकाराचे निदान तीन दिवस ते एक महिना या काळातले आहे, आणि पीटीएसडीचे निदान एक महिना उलटल्याशिवाय करता येत नाही. ज्या माणसाला आठव्या दिवशी "तुम्हाला पीटीएसडी झाला आहे" असे सांगितले जाते, त्याच्या हातात एक चुकीचे आणि घाबरवणारे भविष्य दिले जाते.

तिसरी गोष्ट आपल्या जागेची. संयुक्त राष्ट्रांच्या आणि इतर मदतसंस्थांच्या आंतरसंस्था स्थायी समितीने २००७ मध्ये आणीबाणीतील मानसिक आरोग्यविषयक मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत मदतीचे चार थर मांडले आहेत. तळाशी सर्वांसाठी मूलभूत सेवा आणि सुरक्षितता, त्यावर कुटुंब आणि समाजाचा आधार, त्यावर प्रशिक्षित पण तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांची लक्ष्यित मदत, आणि शिखरावर तज्ज्ञांची सेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, मागील दहा वर्षांत सशस्त्र संघर्ष अनुभवलेल्या भागांत कोणत्याही वेळी सुमारे २२ टक्के लोकांना मानसिक विकार असतो. त्यांत सुमारे १३ टक्के सौम्य, ४ टक्के मध्यम आणि ५ टक्के तीव्र स्वरूपाचे असतात. म्हणजे तज्ज्ञाची थेट गरज असलेले लोक कमी असले तरी ती गरज तातडीची असते, आणि बाकीच्यांसाठी तज्ज्ञाचे काम शिकवणे, पाठीशी उभे राहणे आणि योग्य माणूस योग्य ठिकाणी पोहोचवणे हे असते. हे काम पदव्युत्तर अभ्यासक्रमात क्वचितच शिकवले जाते.

ज्यांनी असे प्रशिक्षण घेतले आहे किंवा दिले आहे, त्यांनी आपले मत लिहावे. विरोधी मतही अवश्य लिहावे.

उत्तरायण

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि तुमच्या मूळ म्हणण्याशी सहमत आहे, पण दोन ठिकाणी थोडे थांबावेसे वाटते.

पहिले, भाजलेल्या रुग्णांची ती चाचणी. डीब्रीफिंग मिळालेल्या गटातील रुग्णांचे प्रारंभीचे त्रासाचे गुणांक आणि भाजण्याची तीव्रता दुसऱ्या गटापेक्षा मुळातच अधिक होती, हे लेखकांनी स्वतः नोंदवले आहे. त्यामुळे २६ आणि ९ हे आकडे एकटे सांगितले, तर डीब्रीफिंगमुळेच तेवढे नुकसान झाले असा समज होतो. त्यापेक्षा मला मेयू, एहलर्स आणि हॉब्ज यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेला रस्ते अपघातातील रुग्णांचा तीन वर्षांचा पाठपुरावा अधिक बोलका वाटतो. सुरुवातीला ज्यांना खूप त्रास होता, त्यांच्यापैकी डीब्रीफिंग न मिळालेले लोक सावरले आणि मिळालेल्यांचा त्रास टिकून राहिला. ज्यांची आपल्याला सर्वाधिक काळजी वाटते आणि ज्यांना आपण आधी गाठतो, त्यांच्याच बाबतीत हे घडले, ही गोष्ट प्रत्येक प्रशिक्षणात सांगितली गेली पाहिजे.

दुसरे, मानसिक प्रथमोपचाराचाही पुरावा आपण समजतो तितका भक्कम नाही. तो तज्ज्ञांच्या सहमतीवर आणि इतर संशोधनातून काढलेल्या अनुमानांवर उभा आहे; त्यामुळे आपत्तीग्रस्तांचे पुढचे आजार टळतात, असे दाखवणाऱ्या चांगल्या नियंत्रित चाचण्या जवळजवळ नाहीत. प्रशिक्षणाच्या परिणामाबद्दल सिएरा लिओनमध्ये इबोलाच्या साथीनंतर प्राथमिक आरोग्य कर्मचाऱ्यांवर झालेली एक यादृच्छिक चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. प्रशिक्षणाने कर्मचाऱ्यांचे ज्ञान आणि समज वाढली आणि ती काही महिन्यांनंतरही टिकली, परंतु त्यांचा आत्मविश्वास किंवा कामातील समाधान यांत फरक दिसला नाही. तेव्हा एका दिवसाच्या वर्गाकडून किती अपेक्षा करायची, याचे प्रामाणिक उत्तर आपण दिले पाहिजे.

आता ज्या भागाची चर्चा फारच कमी होते, तो मांडतो. आपत्तीनंतर मानसिक आघाताकडे सगळ्यांचे लक्ष जाते आणि आधीपासून आजारी असलेले लोक नजरेआड होतात. त्यांची औषधे ढिगाऱ्याखाली किंवा पाण्यात गेलेली असतात. क्लोझापीन हे स्किझोफ्रेनियावरील औषध घेणाऱ्या रुग्णाचे ते औषध ४८ तासांपेक्षा जास्त काळ बंद राहिले, तर जुनी मात्रा एकदम सुरू करता येत नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा वर चढावे लागते. मनःस्थितीच्या आजारावर लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातले पाणी कमी झाले तर औषधाची विषबाधा होऊ शकते, आणि छावणीत पिण्याचे पाणी अपुरे असणे ही तर नेहमीची गोष्ट आहे. अपस्माराची औषधे तुटली की झटके येतात. रोज मद्य घेणाऱ्याचे मद्य एकाएकी बंद झाले, की पहिल्या दोन दिवसांत झटके आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास डेलिरियम, म्हणजे भान हरपून भ्रम होण्याची अवस्था, येऊ शकते. ते जीवघेणे ठरू शकते. छावणीत असा माणूस थरथरत, भलतेच बोलत असेल, तर "धक्क्याने वेडा झाला" असे म्हणून त्याला कोपऱ्यात बसवून ठेवले जाते.

इथे एक विरोधाभास समजून घ्यावा लागतो. मद्य सुटल्याने होणाऱ्या या अवस्थेवर बेन्झोडायझेपीन गटातील शामक औषधे हाच मुख्य उपचार आहे. मात्र नुकताच आघात झालेल्या किंवा जवळचे माणूस गेलेल्या, अन्यथा निरोगी व्यक्तीला पहिल्या महिन्यात झोपेसाठी किंवा रडू थांबवण्यासाठी हीच औषधे देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आपत्तीत मदत करणाऱ्या सामान्य डॉक्टरांच्या पेटीत ही औषधे असतात आणि शोकाकुल नातेवाइकांना ती सहज दिली जातात. मला विचाराल, तर मानसोपचारतज्ज्ञाने तिथे पोहोचल्यावर पहिले काम इतर डॉक्टरांना हा फरक समजावून सांगण्याचे करावे.

सांजवात

उत्तरायण, चाचणीतील गटांच्या फरकाचा मुद्दा अगदी योग्य आहे आणि तो मूळ मांडणीत यायला हवा, तसाच तो वाचला जावा. तीन वर्षांचा पाठपुरावा मीही प्रशिक्षणात वापरते. असे का होत असावे याबद्दल जी स्पष्टीकरणे दिली जातात, त्यांपैकी मला पटणारे असे: शरीर अजून सावध आणि तापलेले असताना तपशीलवार आठवण काढायला लावली, तर आठवण आणि भीती यांची गाठ अधिक घट्ट बसते, आणि एकाच बैठकीत ती गाठ सैल होण्याइतका वेळ मिळत नाही. पीटीएसडी प्रत्यक्ष झाल्यावर आपण जे उपचार करतो, त्यांतही रुग्ण आठवणीकडे जातो, पण तो तयारीने, हळूहळू, अनेक बैठकांतून आणि सुरक्षित जागी जातो. दोन्हींतला फरक समजणे हे आघाताच्या प्रशिक्षणाचे मूळ आहे, आणि म्हणूनच आघातावरील उपचारांचे प्रशिक्षण आणि आपत्तीतील मदतीचे प्रशिक्षण ही दोन वेगळी प्रशिक्षणे आहेत, असे मी मानते. ईएमडीआर किंवा दीर्घ एक्स्पोजर थेरपी या पीटीएसडीवरील उपचारपद्धती उत्तम येणारा माणूस छावणीच्या पहिल्या आठवड्यासाठी तयार असेलच असे नाही. तसेच मानसिक प्रथमोपचार शिकलेल्याने सहा महिन्यांनी पीटीएसडीवर उपचार करायला बसू नये.

पुराव्याच्या मर्यादेबद्दल मी एवढेच म्हणेन, की आपत्तीत नियंत्रित चाचणी करणे अवघड आहे, पण प्रशिक्षण परिणामकारक आहे असे ठासून सांगण्यासाठी ही सबब पुरेशी नाही. जे माहीत आहे ते असे, की काही गोष्टींनी नुकसान होऊ शकते. त्या टाळायला शिकवणे, हा प्रशिक्षणाचा आजच्या घडीला सर्वांत भक्कम भाग आहे.

वाटाड्या

मी मानसिक आरोग्य क्षेत्रातला नाही. मदतकार्याच्या समन्वयाचे काम करतो, त्यामुळे पलीकडच्या बाजूने लिहितो.

आमच्यासाठी प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित तज्ज्ञांतला फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो. प्रशिक्षित माणूस आल्या आल्या विचारतो, की इथे समन्वय कोण पाहते, मला कोणाला कळवायचे आहे, आधी कोणती पथके काम करत आहेत, आणि मी किती दिवस थांबणे तुम्हाला उपयोगी पडेल. अप्रशिक्षित माणूस विचारतो, की आघातग्रस्त कुठे आहेत. त्यानंतर तो थेट तंबूत शिरतो, त्याच्यामागे आणखी दुसऱ्या संस्थेचे लोक येतात, आणि ज्या मुलाने आई गमावली आहे त्याला दिवसभरात वेगवेगळे लोक तीच गोष्ट सांगायला लावतात, चित्र काढायला लावतात. संध्याकाळी सगळे निघून जातात. त्या मुलाची नोंद कोणाकडेच नसते.

म्हणून माझी विनंती अशी, की तुमच्या प्रशिक्षणात मनाच्या शास्त्राइतकाच वेळ व्यवस्थेच्या शास्त्राला द्यावा. आपत्तीत आदेशाची एक साखळी असते, जबाबदाऱ्या वाटलेल्या असतात, माहिती ठरावीक मार्गाने वर-खाली जाते. तज्ज्ञाला आपल्या दवाखान्यात कोणाला विचारावे लागत नाही, त्यामुळे हे जाचक वाटते, हे मी समजू शकतो. परंतु साखळीबाहेरून केलेली उत्तम मदतही कोणाला तरी निस्तरावी लागते. कोणत्या रुग्णालयात खाटा आहेत, हरवलेल्या मुलांची नोंद कुठे होते, विलग झालेली कुटुंबे कुठे जोडली जातात, हिंसाचार झालेल्या स्त्रीला कुठे पाठवायचे, याची यादी हातात नसेल, तर ऐकून घेतलेल्या दुःखाचे पुढे काहीच होत नाही.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या क्षेत्रातील लोकांनी ठामपणे बोलावी असे मला फार वाटते. मोठ्या संख्येने मृत्यू झाले, की "साथ पसरेल" या भीतीने मृतदेह ओळख न पटवताच घाईने सामूहिक पुरले किंवा जाळले जातात. नैसर्गिक आपत्तीत दगावलेल्यांच्या देहांमुळे साधारणपणे साथी पसरत नाहीत, आणि प्रत्येक देहाला क्रमांक, छायाचित्र, नोंद असावी, असे पॅन अमेरिकन आरोग्य संघटना, जागतिक आरोग्य संघटना आणि रेडक्रॉस यांच्या २००६ च्या क्षेत्रपुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे. हा निर्णय प्रशासनाच्या पातळीवर काही तासांत होतो. त्या बैठकीत "यामुळे मागे राहिलेल्यांचे पुढे काय होईल" हे सांगणारा माणूस बसलेला असेल, तर निर्णय बदलू शकतो. तंबूत बसून शंभर लोकांशी बोलण्यापेक्षा त्या एका बैठकीतले ते एक वाक्य अधिक लोकांच्या उपयोगी पडते.

काठावरची

वाटाड्या यांनी शेवटी लिहिले आहे, त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण माझे काम शोकग्रस्त आणि विशेषतः बेपत्ता व्यक्तींच्या कुटुंबांबरोबर आहे.

देह मिळालेला नाही, अशा कुटुंबाला आपली नेहमीची शोकविषयक समज लागू पडत नाही. पॉलीन बॉस यांनी याला संदिग्ध वियोग म्हटले आणि त्यावर अनेक दशके काम केले; २००१ मधील न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर बेपत्ता कामगारांच्या कुटुंबांबरोबरही त्यांनी काम केले. त्यांच्या विचाराचा मला उपयोगी पडलेला भाग असा, की अशा कुटुंबाला "आता स्वीकार करा" असे सांगणे क्रूर आणि निरुपयोगी आहे. आशा आणि निराशा दोन्ही एकाच वेळी मनात असू शकतात, आणि घरातील प्रत्येक जण वेगळ्या टोकाला असू शकतो, एवढे कुटुंबाला एकमेकांबद्दल सहन करता आले, तरी पुष्कळ असते. अप्रशिक्षित समुपदेशक बहुधा घाईने एका टोकाची बाजू घेतात आणि घरात फूट पडते.

शोकाच्या कालावधीबद्दलची समजही बदलली आहे. या क्षेत्राची सुरुवातच एका आपत्तीतून झाली. १९४२ मध्ये बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबला लागलेल्या आगीत ४९२ लोक मरण पावले, आणि मागे राहिलेल्यांबरोबर केलेल्या कामाचाही आधार घेऊन एरिक लिंडमन यांनी १९४४ मध्ये तीव्र शोकावरील प्रसिद्ध लेख लिहिला. त्यात साध्या शोकाचे निराकरण चार ते सहा आठवड्यांत, आठ-दहा भेटींतून होऊ शकते, असे त्यांनी म्हटले होते. आज आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात प्रदीर्घ शोक विकाराचे निदान करण्यासाठी किमान सहा महिने उलटलेले असावे लागतात, आणि तिथेही समाजाच्या रीतीपेक्षा तो शोक स्पष्टपणे अधिक असावा अशी अट आहे. लिंडमन यांचे ऋण मान्य करूनच मी म्हणते, की ज्या प्रशिक्षणात अजून शोकाचे ठरावीक टप्पे पाठ करून घेतले जातात, ते प्रशिक्षण घेऊ नये.

नवअंकुर

सर्वांचे प्रतिसाद मनापासून वाचत आहे. मी समुपदेशन मानसशास्त्राच्या अंतिम वर्षात शिकत आहे. आमच्या अभ्यासक्रमात आपत्तीवर एकच छोटे प्रकरण आहे. ऑनलाइन अभ्यासक्रम करून प्रमाणपत्र घेतले, तर मी पथकात जाण्यास पात्र ठरते का? आणि अशा कामाने माझ्यावर काय परिणाम होईल, याची भीती वाटणे हे या कामासाठी अयोग्य असल्याचे लक्षण आहे का?

सांजवात

नवअंकुर, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. भीती वाटणे अयोग्यतेचे लक्षण मुळीच नाही. इतरांच्या आघाताच्या कहाण्या सतत ऐकल्याने मदतनीसाच्या जगाकडे पाहण्याच्या दृष्टीत बदल होऊ शकतो, याची मांडणी मॅककॅन आणि पर्लमन यांनी १९९० मध्ये केली, आणि चार्ल्स फिगली यांनी १९९५ मध्ये करुणेच्या थकव्याविषयी सविस्तर लिहिले. यावर प्रशिक्षणांत बहुधा 'स्वतःची काळजी घ्या' असे एक व्याख्यान असते. मला ते अपुरे वाटते, कारण त्यात सगळा भार पुन्हा त्या एकट्या माणसावर पडतो. थकवा पाळीची लांबी, विश्रांतीचा दिवस, कामाची अदलाबदल, जोडीदारासह काम करण्याची सक्ती आणि परतल्यानंतरचे सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी तज्ज्ञाबरोबर बसून कामाबद्दल बोलणे, यांनी कमी होतो, आणि हे सगळे पथकप्रमुखाने ठरवायचे असते. ज्या पथकात हे ठरलेले नाही, तिथे नकार देण्याचा हक्क तुला आहे, हेही प्रशिक्षणातच शिकायला हवे. स्वतःच्या घरात अलीकडे मृत्यू झाला असेल किंवा त्याच प्रकारच्या आपत्तीतून स्वतः गेली असशील, तर त्या वेळी दूरच्या कामात मदत करावी. कामे पुष्कळ असतात.

ऑनलाइन अभ्यासक्रमाने पाया पक्का होतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जॉर्ज एव्हर्ली यांचा मानसिक प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम अनेकांनी असाच केला आहे. परंतु पडद्यावर पाहून जे येत नाही, ते असे: आरडाओरडा चालू असताना शांत आवाजात बोलणे, रागावलेल्या नातेवाइकासमोर सबबी न देता उभे राहणे, आणि "तुमचा मुलगा सापडेल" हे वाक्य ओठांवर आलेले असताना ते न बोलणे. यासाठी समोर माणसे बसवून, चुकत, पुन्हा करत केलेला सराव लागतो. उत्तरायण यांनी सांगितलेल्या सिएरा लिओनच्या चाचणीत ज्ञान वाढले आणि आत्मविश्वास वाढला नाही, यावर माझे स्पष्टीकरण हेच आहे, की वर्गानंतरचा सराव आणि सुपरव्हिजन नसले, तर ज्ञान हाताशी येत नाही. हे माझे मत आहे, त्या अभ्यासाचा निष्कर्ष नव्हे.

अनुभवी तज्ज्ञांसाठी एक वेगळा भाग असावा, तो म्हणजे इतरांना शिकवण्याचा. २ आणि ३ डिसेंबर १९८४ दरम्यानच्या रात्री भोपाळमध्ये वायुगळती झाली, त्यानंतर गरजेच्या मानाने मानसोपचारतज्ज्ञ फारच थोडे होते. तेव्हा वायुग्रस्त भागातील दवाखान्यांत काम करणाऱ्या सामान्य डॉक्टरांनाच मानसिक आजार ओळखण्याचे आणि त्यांवर प्राथमिक उपचार करण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. आज जागतिक आरोग्य संघटनेची 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस' ही पाच बैठकांची पद्धत तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण आणि देखरेख असलेल्या कार्यकर्त्यांकडून दिली जाते. ही देखरेख करणार कोण? तिथे आपली खरी गरज आहे. स्वतः रुग्ण न पाहता, ज्यांनी दिवसभर माणसे पाहिली त्यांच्याबरोबर संध्याकाळी बसणे, त्यांच्या शंका सोडवणे, कोणाला पुढे पाठवायचे हे ठरवणे, हे कौशल्य वेगळे आहे आणि ते शिकावे लागते.

उत्तरायण

शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. त्यात एकच भर. अशी देखरेख पहिल्या महिन्यापेक्षा तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात जास्त लागते. पीटीएसडी, नैराश्य, प्रदीर्घ शोक, वाढलेले व्यसन हे सगळे तेव्हा दिसू लागते, आणि तोपर्यंत बाहेरून आलेली बहुतेक पथके परत गेलेली असतात. दक्षिण वेल्समधील अॅबरफॅन येथे १९६६ मध्ये कोळशाच्या खाणीचा ढिगारा शाळेवर कोसळून ११६ मुले आणि २८ प्रौढ दगावले. त्यातून वाचलेल्या मुलांचा ३३ वर्षांनंतर अभ्यास झाला, तेव्हा पाहिलेल्यांपैकी २९ टक्के लोकांत पीटीएसडी तेव्हाही आढळला. प्रशिक्षण देताना पहिल्या आठवड्याचा सराव जितक्या हौसेने घेतला जातो, तितका दहाव्या महिन्याचाही घेतला जावा.

वाटाड्या

तर मग समन्वय पाहणाऱ्यांच्या वतीने एक व्यावहारिक विनंती करतो. आपत्ती नसतानाच आपल्या भागातील आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेकडे किंवा एखाद्या मान्यताप्राप्त मदतसंस्थेकडे नाव नोंदवावे. नोंदणीत पदवीबरोबर तीन गोष्टी लिहाव्यात: कोणते प्रशिक्षण कधी घेतले, कोणत्या भाषांत दुभाष्याशिवाय बोलता येते, आणि आपत्तीनंतर तिसऱ्या महिन्यापासून आठवड्यातून किती तास देता येतील. तिसरा रकाना बहुतेक वेळा रिकामा येतो, आणि आम्हाला माणसे शोधावी लागतात ती नेमकी त्याच काळासाठी.